आभाळ वजा करून

सरांबरोबर रस्त्याने चालणं ही एक परीक्षाच होती. आमच्या वर्गाच्या इमारतीपासून खोपटचा एसटी डेपो अगदी हाकेच्या अंतरावर, पण वर्ग सुटल्यावर सरांना तिथे पोचायला अर्धा तास लागायचा. कारण वाटेतल्या प्रत्येक भिंतीला ते पालथा हात लावून बघायचे. बँकेची भिंत, शाळेचं कुंपण, बंद दुकानाचं शटर. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावते ना, तसा. मग मान हलवून म्हणायचे, "हिचं दुपारचं ऊन अजून उतरलेलं नाही." तेव्हा संध्याकाळ होऊन दिवे लागलेले असायचे. बँकेचा वॉचमन पहिल्यांदा संशयाने बघायचा. पुढे पुढे तोच लांबून ओरडायला लागला, "साब, आज पीछेवाली ज्यादा गरम है!" सर त्याला अगदी मनापासून धन्यवाद द्यायचे आणि मागच्या भिंतीकडे वळायचे. आम्ही आपले ताटकळत उभे.

सर गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. वर्षं न म्हणता उन्हाळे म्हणायचे हा त्यांचाच हट्ट. मला तो तेव्हा नाटकी वाटायचा, आणि आता दुसरं काही म्हणवत नाही.

आयुष्यभर त्यांनी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या नीट केल्या. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नातवंडं सांभाळतात. सरांना नातवंडं नव्हती, लग्नच केलं नव्हतं. त्यांनी एका संस्थेच्या मागे लागून वर्ग सुरू केला: स्थानिक बातमीदारांना हवामान बदलाच्या बातम्या करायला शिकवायचं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले आम्ही पंधरा-वीस जण दर शनिवारी दुपारी जमायचो. कोणी सांजदैनिकातले, कोणी केबलवरचे, कोणी नुसता मोबाइल आणि माइक घेऊन फिरणारे. मी डोंबिवलीची, मानपाड्याला राहते. माझ्या संपादकांनी मला पाठवलं, ते तिथे समोसे फुकट मिळतात आणि मी सुट्टी मागत नाही म्हणून. आमच्या धंद्यात हवामान म्हणजे चौथ्या पानावरचा चौकोन, एवढीच माझी समजूत होती.

वर्गाच्या खोलीच्या खिडक्यांना कोणीतरी कधीकाळी ऊन अडवायला निळा रंग फासला होता. त्यामुळे आत सगळं निळं दिसायचं. फळा, सरांचा पांढरा सदरा, समोसेसुद्धा. पंखा सावकाश फिरायचा आणि डेपोच्या भोंग्यातून शहापूरची, मुरबाडची गाडी लागल्याचं कोणी तरी खूप लांबून सांगायचं. पाण्याखाली बसून वर्ग चालला आहे असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी सर कार्बनबद्दल बोलायला लागले आणि आम्ही एकेक करून झोपलो. उगाच कशाला खोटं बोलू, मीही झोपले. जाग आली तेव्हा खोली शांत होती. सर खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होते. रागावले नव्हते. डोळ्यांत उलट काहीतरी सापडल्याचा आनंद.

"काल रात्री का झोपला नव्हतात?" त्यांनी विचारलं.

 शेवटी मिलिंद बोलला. तो कल्याणचा, बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत राहणारा, स्वतःचं यूट्यूब चॅनेल एकट्याने चालवणारा पोरगा. "सर, आमचं वर पत्रा आहे. रात्रभर गरमच असतो. आई लादीवर पाणी मारते, त्याच्यावर आम्ही लाइनीत झोपतो. पण पाणी सुकलं की परत उठायचं."

मग कोणी गॅलरीचं सांगितलं, कोणी गच्चीचं. मी शेवटच्या मजल्यावरच्या आमच्या स्लॅबचं सांगितलं. सर ऐकत राहिले. म्हणाले, "मी तुम्हाला ध्रुवावरचा बर्फ सांगत होतो. तुम्ही झोपेत त्याच्यापेक्षा मोठी बातमी आणलीत. रात्र गार होत नाही. लिहा." तेव्हापासून वर्गाची सुरुवात झोपेने व्हायची. चटया आणल्या होत्या. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, उठल्यावर घाम नेमका कुठे आला ते सांगायचं. मानेला, गुडघ्याच्या मागे, भुवयांत. त्यामुळे आम्ही त्यांना 'घाम सर' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

त्यांचा दुसरा खेळ म्हणजे 'आभाळ शोधा'. प्रत्येकाने आपल्या भागातली कुठलीही साधी बातमी आणायची आणि तिच्यात आभाळ कुठे आहे ते शोधायचं. मी एकदा लग्नातल्या भांडणाची बातमी नेली. भर दुपारचा मुहूर्त, हॉलचा एसी बंद पडला, मुलीच्या आजीला चक्कर आली आणि दोन्हीकडचे हॉलवाल्यावर तुटून पडले. सर खूश. "सापडलं! लग्नाचे मुहूर्त सरकायला लागले का विचार." मिलिंदने वैतागून मोटारपंपाच्या चोरीची बातमी आणली. "सर, ह्याच्यात कुठून आणू आभाळ?" सर शांतपणे म्हणाले, "विहीर किती खाली गेली आहे, विचारलंस?" मिलिंदने विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी तो विचारून आला, आणि त्या दिवसापासून सरांचा चेला झाला.

आम्हाला त्या खेळाचं वेडच लागलं. माझ्या सासूबाईंच्या लोणच्याला बुरशी आली, तर मी त्यांना हवेतल्या दमटपणावर व्याख्यान दिलं. त्यांना ते बरणी नीट पुसली नाही असं म्हटल्यासारखं वाटलं. आठवडाभर घरात अबोला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बरणी पुसली होती का पण?" मी म्हटलं, विचारलं नाही. ते खूप हसले. तेव्हा त्या हसण्यावर आम्ही दोघांनी थोडं थांबायला हवं होतं, असं आता वाटतं.

त्यांचे दोन कडक नियमही होते. पहिला, संकटातल्या माणसापुढे माइक धरून "काय वाटलं?" असं विचारायचं नाही. कुठून, कसं, कधी, कोणी, हे विचारा. वाटलेलं आपोआप बाहेर येतं. दुसरा, आपल्या घराची बातमी आपण करायची नाही. आमच्या गल्लीच्या मागे कारखान्यांच्या बाजूने रंगीत पाणी वाहायचं, पहाटे घसा खवखवायचा. मला ती बातमी करायची होती. सरांनी ती सरळ मिलिंदला दिली. माझं डोकं फिरलं. सर म्हणाले, "तुला बातमी दिसत नाही, घर दिसतं. त्याला दिसेल." मी दोन शनिवार त्यांच्याशी धड बोलले नाही, पण मिलिंदने बातमी माझ्यापेक्षा चांगली केली हेही खरं.

सर स्वतः कोलशेतला, खाडीच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायचे. मागच्या दाराला एक दगडी पायरी होती. तिच्यावर बसून ते चहा प्यायचे. पलीकडे नाला, मोकळी जागा, पुढे तिवरं, त्यापुढे खाडी. फोनवर बोलता बोलता मध्येच म्हणायचे, "थांब, भरती लागली," आणि खरंच थांबायचे. आपण कानाला फोन लावून कावळ्यांचा आवाज ऐकायचा.

एका थंडीतल्या दुपारी त्यांनी सगळ्या वर्गाला तिथे नेलं. चिखलाच्या कडेला सगळे ओळीने बसलो. "पाणी येताना बघा," म्हणाले. आम्ही बघत राहिलो. ऊन कोवळं होतं, तिवरांच्या बोटाएवढ्या मुळ्या चिखलातून वर आलेल्या, त्यांच्यामधून छोटे खेकडे आत-बाहेर करत होते.  पाणी जागचं हलत नाही असं वाटत होतं. कोणीतरी पेंगलं, कोणीतरी गाणं गुणगुणलं. मग एकदम मिलिंद ओरडला, कारण त्याची चप्पल तरंगत होती.

"आलं का?" सरांनी विचारलं. "कधी आलं? कोणी बघितलं?"

कोणीच बघितलं नव्हतं. "हे असं येतं," सर म्हणाले. "तुम्ही बघत असताना येतं, तरी दिसत नाही. तुमचं काम अवघड आहे, पोरांनो." शेजारच्या खोलीतल्या सुरेखाताईंनी सगळ्यांना चहा दिला. त्या आसपासच्या बिल्डिंगांत पोळ्यांचे डबे द्यायच्या. सरांचाही डबा त्यांच्याकडेच. त्या म्हणाल्या, "सर मला पण बसवतात हो असं. माझ्या पोळ्या करपतात."

त्यानंतरच्या पावसाळ्यात, एका दुपारी, मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले आणि चाळीत पाणी शिरलं. गुडघ्यापर्यंत. माणसं वाचली, पण गाद्या, पीठ, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. मिलिंद भिजत पोचला. पाण्यात उभा राहून, मागे काळं आभाळ ठेवून त्याने व्हिडिओ केला. "ही कोलशेतची चाळ, आणि हा हवामान बदल. तो आता आपल्या दारात आलेला आहे!" त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. व्हिडिओ सगळीकडे फिरला. आमच्यातल्या बाकीच्यांनीही त्याच सुरात बातम्या केल्या.

पुढच्या शनिवारी सरांनी वर्गात त्याची पाठ थोपटली. स्वतःचं अंथरूण अजून वाळलेलं नव्हतं, तरी ते मुलाच्या निकालाच्या दिवशी बाप दिसतो तसे दिसत होते.

आठवड्याने वॉर्डातल्या एका साहेबांनी कॅमेऱ्यापुढे सांगितलं, "तुम्हीच दाखवलंत ना, हा हवामान बदल आहे. जागतिक प्रश्न आहे. आम्ही काय करणार? वस्ती धोक्यात आहे, हलवावी लागेल." आणि मग पालिकेची माणसं आली. त्यांनी चाळीच्या प्रत्येक दारावर लाल रंगाने नंबर टाकले. हलवणार कुठे, तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सुरेखाताई सरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलांनी चांगल्यासाठीच केलं असेल. पण माझे डबे इथे आहेत. तिकडे मला कोण ओळखतं?" हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. सर नुसते नंबराकडे बघत राहिले म्हणे.

त्या शनिवारी सर वर्गाला आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. आम्ही समोसे खाऊन घरी गेलो.

त्याच्या पुढच्या शनिवारी आले, पण फळ्याकडे गेले नाहीत. आमच्यातल्या एकाला उठवून त्याच्या बाकावर बसले. निळ्या उजेडात ते एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, "आज मी शिकवणार नाही. मी पाणी शिरलेल्या घरातला माणूस आहे. मला विचारा."

 शेवटी ते मिलिंदकडे बघत राहिले, तेव्हा तो उठला.

"सर, काय झालं त्या दिवशी?"

"समुद्राची पातळी वाढते आहे," सरांनी सुरुवात केली, "त्यात कमी वेळात जास्त पाऊस..."

"सर, समुद्र नको," मिलिंद म्हणाला.  "तुमचं घर सांगा. पाणी पुढच्या दाराने आलं की मागच्या?"

"मागच्या."

"मागे काय आहे?"

"नाला. तू बघितला आहेस."

"त्या दिवशी मी पुढून शूट केलेलं, सर. मागे गेलेलोच नाही. नाल्याच्या पलीकडे आता काय आहे?"

 डेपोच्या भोंग्याने मुरबाडची गाडी लागल्याचं सांगितलं. मग सर म्हणाले, "भिंत. नवीन संकुलाची. आधी तिथे मोकळी जागा होती, पाणी तिच्यात पसरायचं. आता भराव टाकला आहे. नाल्याला भिंतीखालून एक पाइप ठेवला आहे, तेवढाच."

"भिंत कधी झाली?"

"या उन्हाळ्यात."

"त्याच्याआधी पाणी कुठपर्यंत यायचं?"

"पायरीपर्यंत. मोठ्यात मोठ्या भरतीला, मोठ्यात मोठ्या पावसातसुद्धा. पायरी कधी चढलं नव्हतं."

मिलिंदने माइक धरल्यासारखा पुढे केलेला रिकामा हात खाली घेतला. "मग तुम्ही मला बोलला का नाहीत, सर? तुम्ही तर शाबासकी दिलेली."

"घर माझं होतं. नियम माझा होता," सर म्हणाले. "आणि खरं सांगू? तू आभाळ शोधलंस म्हणून मी खूश झालो. ती भिंत मला रोज चहा पिताना दिसते. तिला मी हातही लावून बघितला होता, मिलिंद. ताप किती आहे, तेवढंच बघितलं."

 मला त्यांची इतकी दया आली आणि इतका रागही आला, की मी त्यांचा पहिला नियम मोडला. "सर, काय वाटलं तुम्हाला? पाणी आलं तेव्हा नव्हे. दारावर नंबर आला तेव्हा."

वाटलं, रागावतील. त्यांनी पंख्याकडे बघितलं. "लाज वाटली," म्हणाले. "सुरेखासमोर उभं राहायची. आणि भीती. या वयात नवीन पायरी कुठून आणू?" मग डोळे पुसून माझ्याकडे बघून म्हणाले, "हा प्रश्न विचारायचा नाही असं मी शिकवलं होतं. विचारत जा. पण असा, शेवटी."

मग ते उठले, फळ्याकडे गेले आणि खडूने लिहिलं, 'आभाळ वजा करा'. "आजवर मी तुम्हाला अर्धाच खेळ शिकवला. आधी आभाळ शोधा. मग ते वजा करा. उरेल ते कोणीतरी केलेलं असतं, आणि जो करतो त्याला जाब विचारता येतो. आभाळ कुठल्याही सुनावणीला हजर राहत नाही. यापुढे ही वजाबाकी केल्याशिवाय पहिल्या वाक्यात 'हवामान बदल' लिहिलंत, तर कॉपी फाडून टाकीन."

पुढचे काही आठवडे आम्ही सगळे चाळीच्या मागच्या बाजूला होतो. चिखलात उतरून पाइपचं तोंड बघितलं. कोणाच्या लग्नाच्या, कोणाच्या बारशाच्या फोटोंत मागे ती मोकळी जागा दिसत होती, ते फोटो गोळा केले. संकुलवाल्यांचं म्हणणं घेतलं, साहेबांना परत गाठलं. मिलिंदने नवीन व्हिडिओची सुरुवातच अशी केली, "मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलेलं." मी त्याला म्हटलं, बघणारे कमी होतील. झालेच. पण चाळीतल्या बायका तो व्हिडिओ आणि आमच्या बातम्यांची कात्रणं घेऊन पालिकेतल्या प्रत्येक सुनावणीला जाऊन बसल्या, सुरेखाताई सगळ्यात पुढे. हो-ना करता करता पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नाल्याच्या वाटेतली भिंत फोडली, भराव काढला आणि नाला परत उघडा केला. चाळ हलवायचं नाव मग कोणी काढलं नाही. दारांवरचे लाल नंबर तसेच राहिले. सुरेखाताईंनी दसऱ्याला नंबराला झेंडूचं तोरण बांधलं. सर म्हणाले, "माझ्यालाही बांध."

भिंत फोडल्यानंतरच्या त्या पावसाळ्यात, एका दुपारी, मी ऑफिसात होते. बाहेर धो धो लागला होता आणि भरतीची वेळ होती हे मला न बघता माहीत होतं. तेवढ्यात सरांचा फोन आला. मागून पाण्याचा बारीक चुळुक चुळुक आवाज येत होता. त्यांचा स्वर दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा संथ होता.

"लिहून घे," म्हणाले. "माझ्या घराची आहे, म्हणून तू कर. पाणी आलं आहे. मी मागच्या दाराशी आत उभा आहे. घोट्यापर्यंत."

"घोट्यापर्यंतच?" मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. "सर, गेल्या वेळी गुडघ्यापर्यंत होतं! जिंकलो की आपण!"

"हो. भिंतीचं पाणी गेलं. सुरेखाचं पीठ वाचलं. ती हसते आहे इथे." मग ते थांबले. भरती लागल्यावर थांबायचे तसे. मी कानाला फोन लावून पाण्याचा आवाज ऐकत राहिले.

"पण पायरी चढलं गं," ते म्हणाले. "नाला उघडा आहे. पाइप नाही, भिंत नाही, भराव नाही. सगळं वजा करून बघितलं. तरी माझे घोटे पाण्यात आहेत. खाली वाकून हात लावला. कोमट आहे."

 मी पेन हातात धरून उभी होते.

"आता लिही," सर म्हणाले. "पहिल्या वाक्यात लिही."